दुसऱ्याच्या पट्टीतली मोटार

शेजाऱ्याकडून काय उसने आणावे, याचा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. विरजण आणावे, शिडी आणावी, पाहुणे जास्त झाले तर गाद्याही आणाव्यात. पण चष्मा आणू नये, आणि कवळी तर नाहीच नाही. दोन्ही वस्तू उत्तम असतात, महाग असतात, मालकाला त्यांनी वर्षानुवर्षे साथ दिलेली असते. पण त्या एकाच नाकासाठी आणि एकाच जबड्यासाठी जन्माला आलेल्या असतात. या यादीत आता तिसरी वस्तू घालायची वेळ आली आहे. ती म्हणजे मोटारशर्यतीच्या खेळातला सेटअप.

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. हे खेळ आता 'डावीकडे, उजवीकडे, धडाम्' एवढेच राहिलेले नाहीत. १९९७ साली जपानात प्लेस्टेशनवर 'ग्रान तुरिस्मो' आला आणि गाडी पळवण्याइतकीच ती खोलून बसण्याची गोडी घरोघरच्या मुलांना लागली. पुढे २०१४ साली इटलीतल्या मंडळींनी एक खेळ काढला, त्याचे नावच 'असेत्तो कोर्सा'. म्हणजे शर्यतीसाठी केलेली जुळणी. टायरमध्ये हवा किती, मागचा पंख किती उभा, गाडी जमिनीपासून किती वर, पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी कशी, असा हा आकड्यांचा लांबलचक तक्ता. तो एकाने जुळवायचा आणि जगाला वाटायचा. 'फोर्झा होरायझन'मध्ये तर ही वाटपाची सोय खेळातच करून दिलेली आहे. काही ठिकाणी हे तक्ते पैसे मोजून विकतही मिळतात.

आमच्याकडे भाच्याने जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवले आहे. त्यामुळे रविवारी आमटी आणि मॉन्झा एकाच टेबलावर असतात. तो जे सेटअप उतरवून घेतो त्यांची नावे वाचली की मला जुन्या मासिकांतल्या जाहिराती आठवतात. 'हमखास विजय', 'विक्रमी वेळ', 'डोळे मिटून वापरा'. दमा, संधिवात आणि गृहकलह यांवर एकच गोळी विकणारे वैद्य नाहीसे झाले, असे मला वाटत होते. ते नाहीसे झाले नाहीत. ते मोटारीच्या धंद्यात गेले.

हे तक्ते खोटे असतात, असे माझे म्हणणे नाही. उलट, ते बहुधा अगदी खरे असतात. ज्याने केला त्याला तो लागू पडलेला असतो, म्हणूनच तर तो जगाला वाटत सुटतो. पण तो तक्ता गाडीचा नसतो. तो त्या गाडीचा आणि त्या माणसाच्या हातापायांचा झालेला समझोता असतो. आपण समझोत्याची नक्कल आणतो, पण त्यातला अर्धा पक्षकार तिकडेच राहतो.

एकजण वळणाच्या तोंडापर्यंत भरधाव जातो, ब्रेक वळणात आतपर्यंत ओढत नेतो आणि गाडीचे शेपूट जरा बाहेर काढूनच ती वळवतो. दुसरा सरळ रस्त्यावरच वेग उतरवतो, शांतपणे वळतो आणि मग पाय दाबतो. पहिल्याला शेपूट सैल हवे, दुसऱ्याला घट्ट. मागच्या अँटी-रोल बारचा आडवा दांडा कडक केला की शेपूट सैल होते. पहिला म्हणतो, "वा! आता कशी वळते!" त्याच गाडीत दुसऱ्याला बसवा. पहिल्याच वळणावर तो आल्या दिशेला तोंड करून उभा असतो.

ही काही फक्त खेळातली गोष्ट नाही. खऱ्या फॉर्म्युला वनमध्येही हेच चालते. २०२४ साली रेड बुलच्या एकाच बनावटीच्या दोन गाड्यांपैकी एकीत मॅक्स व्हर्स्टापेन होता, दुसरीत सर्जिओ पेरेझ. वर्षअखेर पहिल्याचे गुण ४३७, दुसऱ्याचे १५२. कौशल्यातला फरक आहेच, तो कोण नाकारतो? पण व्हर्स्टापेनला गाडीचे नाक विलक्षण तिखट लागते, आणि ते तिखट बाकीच्यांच्या पोटाला सोसत नाही, हे त्या दुसऱ्या गाडीत बसून गेलेल्यांनीच सांगितले आहे. ॲलेक्स आल्बननेही तिथे दीड हंगाम काढला. तो म्हणतो, संगणकाच्या माउसचा वेग अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवावा आणि जरा हात हलला की बाण पडदाभर सुसाट पळावा, तशी ती गाडी चालते. २०२५ साली लियम लॉसन त्या जागेवर आला आणि दोन शर्यतींत परत गेला. ज्यांना मोटार चालवण्याचाच पगार मिळतो त्यांची ही कथा. मग आमच्या भाच्याने, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, काय करावे?

बरे, तक्ता करणाऱ्याच्या हातांखेरीज त्याची वेळही त्यात शिजलेली असते. विक्रमी फेरीचा सेटअप हा एका फेरीपुरता असतो. टाकीत जेमतेम पेट्रोल, टायर ताजे. आपण तोच लावून तासाभराच्या शर्यतीला निघतो. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ पंचाहत्तर किलो. गाडीत एक चांगला खाऊनपिऊन सुखी असलेला काका बसवल्यासारखे झाले. त्याने दुपारच्या उन्हात जुळवलेली टायरची हवा आपण संध्याकाळच्या गारव्यात वापरतो. थंडीत ती पुरेशी चढतच नाही. आणि त्याच्याकडे असते मोठे स्टिअरिंग आणि पायाच्या दाबावर चालणारा जड ब्रेक. आपल्याकडे अनेकांच्या हातात छोटे पॅड असते. तिथे सारे स्टिअरिंग डाव्या अंगठ्याच्या सेंटिमीटरभर हालचालीत मावलेले. ज्या तक्त्यावर एकाचे दोन हात आणि दोन पाय राबले, तो दुसऱ्याच्या अंगठ्याला कसा झेपायचा?

आता काही गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू पडतात, हेही सांगितले पाहिजे. मॉन्झाला लांबच लांब सरळ रस्ते आहेत, तेव्हा तिथे पंख कमी ठेवावा, हे कोणालाही लागू. 'असेत्तो कोर्सा कॉम्पेतित्सिओने' या धाकट्या भावंडात तर आक्रमक आणि सुरक्षित असे दोन तयार सेटअप दिलेलेच असतात. म्हणजे चालक दोन तरी जातींचे असतात, हे करणाऱ्यांनी कबूल केले आहे. माझी तक्रार उसने घेण्यावर नाही, 'डोळे मिटून' या दोन शब्दांवर आहे. आपल्या पाकपुस्तकांत सगळी मापे चमच्या-वाट्यांत दिलेली असतात, पण मिठाजवळ येऊन ती गृहिणी नम्रपणे लिहिते, 'मीठ चवीपुरते'. तिला ठाऊक असते की जेवणार दुसराच कोणी आहे. सेटअपच्या तक्त्यात चवीपुरते असे काहीच नसते. दांडा सहावर, पंख चारवर. का, ते विचारायचे नाही.

आणि खरे नुकसान इथे होते. उसनी गाडी भोवळ येऊन कठड्यावर आदळली की पोरगा सेटअपला दोष देत नाही. विश्वविक्रम करणाऱ्याचा सेटअप चुकीचा कसा असेल? तो स्टिअरिंग सोडून खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "मला हे जमणारच नाही." मला त्या वाक्याची धास्ती वाटते. दुसऱ्याचा चष्मा लावून फळा दिसला नाही म्हणून स्वतःला आंधळा समजणारी पोरे आपण शाळेपासून तयार करतो आहोत. निदान खेळात तरी नको.

गाण्यातल्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. काळी चारला लावलेला तंबोरा कितीही सुरेल असो, काळी एकला गाणाऱ्याने तो पुढ्यात घेऊन बसायचे नसते. आधी तारा आपल्या पट्टीला उतरवायच्या. मोटारीच्या तारा लावायची रीतही साधीच आहे. खेळात मुळात दिलेली गाडी घ्यावी, एका वेळी एकच आकडा हलवावा, चार-पाच फेऱ्या माराव्यात आणि गाडी काय म्हणते ते ऐकावे. वळणात शिरताना नाक वळत नाही, की बाहेर पडताना शेपूट पळते? याला वेळ लागतो. पण तेवढ्यात माणसाला गाडी कळते आणि थोडासा स्वतःचा हातही कळतो.

भाच्याने गेल्या महिन्यात असाच खपून बेल्जियमच्या स्पा मैदानासाठी एक सेटअप जुळवला. विक्रम वगैरे काही नाही, पण सात किलोमीटरची फेरी कठड्याला न शिवता पुरी होते. लगेच त्याच्या एका मित्राने तो मागितला. मित्रच तो, नाही कसे म्हणणार? भाच्याने सगळे आकडे नीट लिहून पाठवले. खाली एक ओळ घातली : 'मागचा दांडा चवीपुरता.'