संगीतशाळेचा उंबरठा

मार्गशीर्षात कळवण परिसरातील कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला, की रात्रभर पावरी वाजत राहते. भोपळा आणि बांबू यांपासून घडवलेले हे वाद्य वाजवणारा श्वासाची धार तुटू देत नाही. अशाच एका वादकाच्या मुलाने मला विचारले होते, "फादर, पावरीची परीक्षा असते का?" तबल्याची असते, हार्मोनियमची असते, सतारीचीही असते. पावरीविषयी मात्र मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मनात ठेवून मी दोन ग्रंथ वाचले. दोन्ही इंग्रजीत असले, तरी त्यांचा विषय आपल्या दाराशी येऊन ठेपतो.

पहिला ग्रंथ जानकी बखले यांचा 'टू मेन अँड म्युझिक' (२००५). त्यातील दोन पुरुष म्हणजे विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत बांधल्या, १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९२६ साली लखनौच्या संगीत महाविद्यालयाची पायाभरणी केली. स्वरलिपी, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा या तीन साधनांमुळे संगीत घराण्याबाहेरच्या सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आले. मध्यमवर्गीय घरांतील मुली निःशंकपणे गाणे शिकू लागल्या. हे उपकार विसरता येत नाहीत, आणि बखलेही ते विसरत नाहीत.

परंतु दार उघडणाऱ्यानेच त्याची रुंदीही ठरवली, हे बखले यांचे मुख्य प्रतिपादन आहे. ज्या मुसलमान उस्तादांच्या कंठातून ही विद्या आली, तेच 'अशास्त्रीय' ठरले. पलुस्करांच्या विद्यालयांना भक्तीचे आणि प्रार्थनेचे वळण लागले. संगीत प्रतिष्ठित झाले खरे, पण ते शतकानुशतके जोपासणाऱ्या उस्तादांच्या आणि कलावंतिणींच्या वाट्याला ती प्रतिष्ठा तितकीशी आली नाही. उस्ताद हटवादी आणि विद्या चोरून ठेवणारे, हा समजही लेखिका अब्दुल करीम खाँ यांच्या उदाहरणाने खोडून काढतात. खाँसाहेबांनी स्वतः संगीतशाळा चालवली होती.

या ग्रंथातील एक उणीव मात्र जाणवते. ज्यांनी कागद मागे ठेवले, त्यांच्यावर प्रकाश अधिक पडतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकातील कलावंत समाजातून आल्या आणि उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकल्या. त्यांची विद्या कोणत्याही महाविद्यालयाच्या हजेरीपटावर घडली नाही. संस्थांच्या इतिहासात अशांना पुरेसे स्थान मिळणे कठीणच, आणि पाड्यावरच्या वादकाचे तर नावही त्यात यायचे नाही.

दुसरा ग्रंथ कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०). मृदंगम् घडवणाऱ्या कारागिरांची ही कथा आहे. त्यांपैकी अनेक जण दलित ख्रिस्ती आहेत, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. गाय, शेळी, म्हैस यांचे कातडे कमावून ते नाद निर्माण करतात. ते वाद्य मंचावर पूजनीय ठरते आणि करणारा उंबऱ्याबाहेर राहतो. वाद्याच्या नादात कारागिराची बुद्धीही असते, केवळ श्रम नसतात, हे कृष्णा साधार दाखवून देतात. स्वतःच्या ब्राह्मण जन्माचीही ते झाडाझडती घेतात. तरीही कारागिराचा शब्द आपल्यापर्यंत गायकाच्या लेखणीतूनच येतो. कारागिराने स्वतः लिहिलेला ग्रंथ अजून हवा आहे.

आता आपल्या विद्यापीठांकडे वळू. अशोक दा. रानडे यांनी १९७५ साली 'लोकसंगीतशास्त्र' लिहून या संगीताला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी उभी राहिली. ही पावले मोलाची आहेत. राखीव जागांमुळे आदिवासी मुलगा वर्गात बसू शकतो. पण बाकावर जागा मिळणे वेगळे आणि फळ्यावर जागा मिळणे वेगळे. आपले कान बाहेर ठेवून आत यावे लागत असेल, तर त्याला प्रवेश मिळाला, सामावून घेतले गेले नाही.

म्हणून पावरीचीही परीक्षा घ्यावी काय? मला शंका आहे. रात्रभराची पावरी वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकात मावायची नाही. त्यापेक्षा वादकालाच अध्यापक म्हणून बोलवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली अनुभवी तज्ज्ञांना औपचारिक पदवीवाचूनही अध्यापनासाठी नेमण्याची वाट मोकळी केली आहे. त्या वाटेने एखादा पावरीवादक विद्यापीठात का जाऊ नये?

विद्यापीठांकडे बोट दाखवताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. आपल्या गायनवृंदात हार्मोनियम आली, तबला आला. पावरीचे काय? ती डोंगऱ्यादेवाच्या पूजेतील आहे. ती आपल्या वेदीजवळ यावी की नाही, हे आपण एकट्याने ठरवण्याजोगे नाही. आधी त्या मुलाच्या वडिलांकडे जाऊन बसावे लागेल, ऐकावे लागेल, आणि त्यांनी नको म्हटले तर तेही मानावे लागेल. त्या मुलाला अजून मी उत्तर दिलेले नाही. येत्या मार्गशीर्षात मात्र त्याच्या पाड्यावर श्रोता म्हणून जाण्याचे ठरवले आहे.