मालकी, नियंत्रण आणि भाषा : जबलपूरच्या ‘कर्मवीर’च्या निमित्ताने

प्रसारमाध्यमांच्या मालकीविषयीची समाजशास्त्रीय चर्चा प्रामुख्याने दोन भूमिकांभोवती फिरत आली आहे. मार्क्सवादी परंपरेनुसार भौतिक उत्पादनाची साधने ज्या वर्गाच्या हाती असतात, त्याच वर्गाच्या हाती वैचारिक उत्पादनाचीही सूत्रे जातात. बहुतत्त्ववादी अभ्यासक मात्र संपादकाची व्यावसायिक स्वायत्तता आणि वाचकाची पसंती यांना अधिक महत्त्व देतात. ग्रॅहम मर्डॉक व पीटर गोल्डिंग यांनी १९७०च्या दशकात या वादाला वेगळे वळण दिले. मालकाच्या प्रत्यक्ष हस्तक्षेपाइतकेच बाजाररचनेचे अप्रत्यक्ष दडपणही निर्णायक असते, असे त्यांनी दाखविले. तथापि या सर्व मांडण्यांत भाषा हा घटक बहुधा गृहीत धरलेला असतो. मराठी आणि हिंदी यांच्या संधिप्रदेशातील वृत्तपत्रांचा विचार करताना तो गृहीत धरता येत नाही. या दृष्टीने जबलपूरचे उदाहरण लक्षणीय ठरते.

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक निघाले. संपादक होते माखनलाल चतुर्वेदी आणि त्यामागील प्रेरणा होती माधवराव सप्रे यांची. सप्रे यांची मातृभाषा मराठी, कार्यभाषा हिंदी. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे दोन्ही भाषांतील सार्वजनिक व्यवहार एकाच प्रशासकीय चौकटीत वावरत होते.

‘कर्मवीर’ समजून घेण्यासाठी ‘केसरी’पर्यंत मागे जावे लागते. १८८१ साली एका मित्रमंडळाच्या सामूहिक उपक्रमातून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. पुढे मतभेद विकोपास गेले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले आणि १८९१ मध्ये दोन्ही पत्रांची मालकी टिळकांकडे आली. सामाजिक सुधारणेविषयीच्या वादाची परिणती अशा रीतीने मालकीच्या विभागणीत झाली. मालक आणि संपादक एकच असल्यामुळे ‘केसरी’च्या शब्दाला धार आली, परंतु असहमत सहकाऱ्याला स्वतंत्र पत्र काढण्यावाचून पर्याय उरला नाही, हेही तितकेच खरे.

१९०७ साली सप्रे यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केले. ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचविणे हा त्याचा उद्देश होता. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस पाठविण्यात आले. त्याच वर्षी सप्रे यांनाही अटक झाली आणि क्षमापत्र दिल्यावर त्यांची सुटका झाली. या क्षमापत्राकडे व्यक्तिगत दुर्बलता म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मालकीच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र वेगळा अर्थ हाती येतो. भाषांतरामुळे शब्दाचे कर्तृत्व एका ठिकाणी राहते आणि कायद्यापुढील जबाबदारी दुसऱ्या ठिकाणी जाते. मूळ शब्दामागे टिळकांची संस्था आणि त्यांचा अखिल भारतीय लौकिक उभा होता. रूपांतरकारामागे तसे पाठबळ नव्हते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात भाषांतरकाराच्या अदृश्यतेची चर्चा पुष्कळ होते. न्यायालयात मात्र तो पुरता दृश्यमान होता.

१९१०च्या मुद्रण कायद्याने हे नियंत्रण आर्थिक स्वरूपात आणले. नव्या छापखान्याच्या चालकाकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागण्याची तरतूद त्यात होती. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ही रक्कम जप्त होई. अशा प्रकारे शासन मजकुरावर हात ठेवी तो भांडवलाच्या मार्गाने. ‘कर्मवीर’च्या परवानगीसाठी माखनलाल दंडाधिकाऱ्यापुढे गेले, तेव्हा इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी पत्राची गरज काय, अशी विचारणा झाल्याची आठवण हिंदी पत्रकारितेच्या परंपरेत सांगितली जाते. तो प्रश्न नेमका होता. लोकभाषेतील पत्र कोणाचे, यापेक्षा ते कोणापर्यंत पोचेल याची धास्ती सत्तेला अधिक होती. १९२१ मध्ये माखनलाल यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि १९२५ पासून ‘कर्मवीर’ खंडव्याहून निघू लागले. संपादकाबरोबर पत्रही जबलपूर सोडून गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२-५४) मालकीच्या केंद्रीकरणाची चिकित्सा केली. किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा १९५६चा कायदा छोट्या पत्रांच्या रक्षणासाठी झाला. त्याला आव्हान दिले ते मात्र पुण्याच्या ‘सकाळ’ने. सात नव्या पैशांत आठवड्याची चौतीस पाने देणाऱ्या या पत्राला एक तर पाने कमी करावी लागली असती, नाही तर किंमत वाढवावी लागली असती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. प्रादेशिक पत्राच्या स्वातंत्र्याचा तो विजय होता, यात शंका नाही. परंतु त्याच निर्णयाने मोठ्या भांडवलाच्या स्पर्धेवरील एक मर्यादाही दूर झाली. १९७२च्या बेनेट कोलमन खटल्यात न्या. के. के. मॅथ्यू यांनी भिन्नमत नोंदवून मालकाच्या स्वातंत्र्याबरोबर समाजाच्या माहितीच्या हक्काचाही विचार मांडला. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगाने १९८२च्या अहवालात वृत्तपत्रे अन्य उद्योगांच्या हितसंबंधांपासून अलग करण्याचा आग्रह धरला.

या दोन टोकांच्या दरम्यान १९५०च्या दशकात हरिशंकर परसाई यांनी जबलपूरहूनच ‘वसुधा’ हे मासिक चालविले. तेथे जामीन मागणारा दंडाधिकारी नव्हता; तरीही तोट्यामुळे मासिक थांबले. ‘कर्मवीर’ आणि ‘वसुधा’ यांच्यातील अंतर हेच नियंत्रणाच्या स्थित्यंतराचे अंतर होय. पहिल्यावर शासनाची सत्ता उघडपणे चालत होती. दुसऱ्यावर बाजाराची सत्ता कोणताही हुकूम न काढता चालली.

१९५६च्या नियमांनी वृत्तपत्रांना आपल्या मालकांची आणि एक टक्क्याहून अधिक भाग असलेल्या भागधारकांची नावे दरवर्षी छापणे बंधनकारक केले. ते निवेदन मालक कोण हे सांगते. कोणता शब्द कोणत्या भाषेत छापला जाईल आणि त्याची किंमत कोण मोजील, हे सांगत नाही. सप्रे यांच्या चरित्रातून हा दुसरा प्रश्न पुढे येतो. माध्यमांच्या समाजशास्त्राला तो विचारावयाचा असेल, तर मालकीच्या कोष्टकाशेजारी भाषांतराचा इतिहासही ठेवावा लागेल.