शोपेनहौअरचा ख्रिस्ती धर्म आणि जालन्याचे बेथेल

शोपेनहौअरने ख्रिस्ती धर्मातील ईश्वर नाकारला. आदिपाप आणि उद्धार ही जोडी मात्र राखली. आदिपाप म्हणजे जीवनेच्छेचा स्वीकार आणि उद्धार म्हणजे तिचा निषेध, असा त्याचा अन्वयार्थ. हा निषेध भारताला पूर्वीच अवगत असल्याने येथे मिशनऱ्यांचे कार्य व्यर्थ ठरेल, असे त्याने १८१९ च्या मुख्य ग्रंथात बजावले. त्याचा भारत प्रामुख्याने उपनिषदांच्या लॅटिन भाषांतरातला. त्यात गावकुसाबाहेरचा माणूस नाही.

हसनाबाद-भोकरदनच्या मुलखातून पाहता ही उणीव ठळक होते. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मणाने पुढे जालन्यालगत बेथेल ही वसाहत उभारली. तेथे प्रामुख्याने मांग समाजातील माणसे आली. ज्यांचे जगणेच नाकारले गेले होते, ती इच्छानिषेधासाठी आली असे मानणे हास्यास्पदच, आणि काहीसे क्रूरही. ही जीवनेच्छाच होय, खरा ख्रिस्ती धर्म नव्हे, असे उत्तर शोपेनहौअर देऊ शकेल. पण मग ज्याच्यापाशी त्यागण्याजोगे काही आहे, त्याच्यापुरताच तो धर्म उरतो. परदुःख आपलेसे करणाऱ्या करुणेवर नीती उभारताना, १८४० च्या निबंधात, त्याने अशी अट घातलेली नव्हती.