खिशातला चाकू

आठवडी बाजारात दोन चाकू शेजारी-शेजारी मांडलेले असतात. दोन्ही मिटायचे, दोन्हींना लाकडी मूठ, पातं चार बोटांचं. एक साध्या पोलादाचा, दुसरा चकचकीत स्टेनलेसचा. नवखा माणूस चकाकीला भुलतो. आमच्याकडची जुनी माणसं आधी चाकू उघडून पातं आडवं हलवून बघायची. खिळखिळं लागलं की मुकाट खाली ठेवायची. या चाकूंना खटका नसतो. जोर लावताना पातं बोटावर मिटलं, तर खुरपणीची चार दिवसांची रोजी बुडते.

स्टेनलेसचा गुण मान्यच करायला हवा. कैरी चिरून तसाच खिशात टाकला तरी सहसा गंजत नाही. पोलादी पातं काळं पडतं. पुसावं लागतं, तेलाचं बोट फिरवावं लागतं. पण धार गेली तर दारातल्या दगडावर पाणी टाकून चार हात मारले की झालं. स्वस्त स्टेनलेस घासून घासून हात दुखतात, अन् धार दोन दिवस टिकत नाही. मग बोथट पात्यावर जोर द्यायचा, म्हणजे पुन्हा बोटाशीच गाठ.

पुसायची सवय असेल तर पोलादीच घ्यावा. नसेल तर स्टेनलेस घ्या, पण खिळा बघून.