अॅड-ऑनचं दुकान आणि एक लाखाचा चरखा

1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. सुधारलेला चरखा करून दाखवा आणि पैसे घेऊन जा. तेव्हाचे एक लाख म्हणजे किती, हा हिशेब नंतर करा. आधी अटी वाचा. चरखा हलका हवा, सहज उचलून नेता यावा, खेड्यातल्या साध्या घरात चालावा. बाईला त्यावर आठ तास फार न थकता काम करता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, आणि दुरुस्ती थोडक्या खर्चात व्हावी. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही.

वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 साली गांधींनी उघडलं. तिथले चरखे बघताना या अटी आठवतात. आपण आज ज्याला यूजेबिलिटी म्हणतो, तिची याहून नेमकी व्याख्या मी तरी वाचलेली नाही. तिच्यात यंत्राचं कौतुक कुठेच नाही. कोण वापरणार, कुठे, किती वेळ आणि किती पैशांत, एवढंच आहे. हीच फूटपट्टी घेऊन मी फायरफॉक्सची अॅड-ऑन देणारी साइट बघायचं ठरवलं.

हीच साइट का? कारण तुमच्या हातात अँड्रॉइड फोन आहे, आणि त्यावरच्या गूगल क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात. तिथेही सगळं आलबेल नव्हतं. ऑगस्ट 2020 मध्ये अँड्रॉइडचं फायरफॉक्स नव्याने लिहिलं गेलं तेव्हा मोजकीच अॅड-ऑन उरली, आणि दार पुन्हा सगळ्यांना उघडायला डिसेंबर 2023 उजाडलं. मधली तीन वर्षं गेली ती गेलीच. पण आज आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या एखाद्या मुलीला फोनवर जाहिराती बंद करायच्या असतील, लॅपटॉप घरात नसेल, तर तिच्यासाठी हे दुकान महत्त्वाचं आहे. डेटा तिच्या पैशाचा जातो, जाहिरात मात्र दुसऱ्याची.

आधी जमेची बाजू. अॅड-ऑन घ्यायला खातं उघडावं लागत नाही. एक मोठं बटण आहे, ते दाबलं की काम होतं. फाइल किती मोठी, शेवटची कधी सुधारली, जुन्या आवृत्त्या कोणत्या, हे सगळं पानावर सापडतं. फक्त फोनवर ते सापडायला बरंच खाली सरकावं लागतं. आकाराचा आकडा बटणाच्या शेजारी आणायला काय हरकत आहे?

खरी अडचण नावांची आहे. माणूस शोधतो गरज, आणि दुकान दाखवतं ब्रँड. जाहिराती अडवणारं सगळ्यात भरवशाचं अॅड-ऑन म्हणजे यूब्लॉक ओरिजिन. नावात ना जाहिरात, ना बंद. वर नुसतं ‘यूब्लॉक’ नावाचं दुसरंच काहीतरी आहे, वेगळ्या मालकाचं. किराणा दुकानात असं सारखं नाव दिसलं तर दुकानदार सांगतो, ‘ते नका घेऊ ताई, हे घ्या.’ इथे सांगणारं कुणी नाही. शिफारस केलेल्या अॅड-ऑनवर छोटा बिल्ला असतो, तोच काय तो दुकानदार. 2019 पासूनची ही बिल्ल्याची पद्धत मला साइटवरची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पण तो बिल्ला म्हणजे काय, हे नव्या माणसाला कोण सांगणार?

बिल्ला नसेल तिथे एक सूचना येते. तिचा आशय असा की सुरक्षेसाठी यावर मोझिलाची सततची नजर नाही, तेव्हा विश्वास असेल तरच घ्या. म्हणजे निवाडा ज्याच्याकडे माहिती सगळ्यांत कमी, त्याच्यावर ढकलला. मग चौकट उघडते: सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचण्याची परवानगी द्यायची का? सर्व म्हणजे बँकही, शिष्यवृत्तीचा अर्जही. चांगल्या अॅड-ऑनला ती परवानगी लागते आणि चोरालाही तीच लागते. चौकट दोघांसाठी एकाच शब्दांत बोलते. ही परवानगी कशासाठी लागते ते बनवणाऱ्याने दोन ओळींत लिहावं आणि त्या ओळी बटणाच्या वर दिसाव्यात. अनेक चांगले प्रोग्रामर तळाच्या वर्णनात हे लिहितातही. तिथवर जातो कोण?

मराठीचं तर वेगळंच. शब्दकोश आणि भाषासंच वरच्या पट्टीत ‘आणखी’मागे दडवलेले आहेत, आणि तिथे लांबच लांब भाषांच्या यादीतून आपली शोधायची. वर्ध्यात हिंदी विद्यापीठ आहे, 2023 चं मराठी साहित्य संमेलन इथेच झालं. अशा गावात संगणकावर मराठी प्रबंध लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ दिसत असेल, तर उपाय फायरफॉक्समध्येच आहे हे त्याला कळायला हवं. गंमत बघा, फायरफॉक्स शुद्धलेखन तपासायला हनस्पेल वापरतं. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी लिहिलं, कारण हंगेरियनमध्ये शब्दाला शेपट्यांवर शेपट्या लागतात. आपल्याकडे घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घराबाहेरच्यांसाठी! इंग्रजीच्या मापाने शिवलेलं तंत्र इथे उसवलं असतं. इतकं जुळणारं यंत्र तयार आहे आणि त्याचं दार दुकानाच्या मागच्या बोळात.

विश्वासाचा प्रश्न निघालाच आहे तर मे 2019 ची आठवण काढायला हवी. मोझिलाचं एक प्रमाणपत्र कालबाह्य झालं आणि जगभरच्या लोकांची अॅड-ऑन एकदम बंद पडली. त्याआधी नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 आलं, तेव्हा जुन्या पद्धतीची अॅड-ऑन चालेनाशी झाली. त्या बदलामागे सुरक्षेची आणि वेगाची खरी कारणं होती, ते मला पटतं. पण ज्याचं रोजचं काम त्या जुन्या अॅड-ऑनवर चालायचं त्याला पर्याय कोणता, हे साइटने त्या अॅड-ऑनच्याच पानावर सांगायला हवं होतं. चरखा संघाच्या अटींमधली स्वस्त दुरुस्ती ती हीच.

दुरुस्ती कुठून सुरू करायची, हे विचाराल तर फोनपासून. समुद्रपूरच्या त्या मुलीच्या हाती स्वस्तातला अँड्रॉइड द्या, जाहिराती बंद करायला सांगा, आणि मागे उभे राहून काही बोलू नका. ती किती वेळा थबकते आणि कुठे, ते लिहून घ्या. परवानगीच्या चौकटीवर तिचं बोट थांबलं, तर का थांबलं ते विचारा. पुढच्या आवृत्तीचं काम त्याच कागदावरून सुरू करा.