बालसंधिशोथ आणि रेणूंची साक्ष

सोळाव्या वर्षाआत उद्भवणारी, निदान सहा आठवडे टिकणारी व कारण अज्ञात असलेली सांध्यांची दाहयुक्त सूज, म्हणजे बालसंधिशोथ, हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह होय. त्याचे सूचक रेणू रक्त, सांध्यातील द्रव, लघवी व अश्रू यांत शोधले जात आहेत. ही चिकाटी स्तुत्य खरी. परंतु सूचक नेमके काय सुचवितो, हा प्रश्न पुष्कळदा मागे पडतो.

कॅलप्रोटेक्टिनचे उदाहरण पाहावे. शोथाच्या जागी जमलेल्या श्वेतपेशी हे प्रथिन बाहेर टाकतात. रोग शमल्यावर मेथोट्रेक्झेट थांबविलेल्या ज्या मुलांत तो पुन्हा उलटला, त्यांच्या रक्तात हे प्रथिन आधीपासूनच अधिक होते, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तथापि टीएनएफ-रोधक औषधे थांबविलेल्या मुलांच्या 2019 मधील अभ्यासात त्याच प्रथिनावरून असे भाकीत करता आले नाही. हे निष्कर्ष परस्परांस खोडीत नाहीत. सूचकाचे मूल्य औषध व रोगप्रकार यांवर अवलंबून असते, एवढेच ते सांगतात.

सांध्यातील द्रव रोगाच्या सर्वांत निकट. परंतु केवळ तुलनेसाठी निरोगी मुलाच्या सांध्यात सुई घालणे नीतीस धरून नाही. म्हणून तुलना बहुधा अन्य रुग्णांशीच होते, आणि आढळलेला रेणू या रोगाचा की कोणत्याही शोथाचा, हे अनिर्णीत राहते.

औषध लवकर थांबविल्यास सांध्याची हानी संभवते. उशीर झाल्यास मूल निष्कारण औषध घेत राहते. रेणूंची यादी वाढविण्यापेक्षा या एका निर्णयास भिन्न रुग्णसमूहांत टिकणारा आधार मिळविणे, हेच या संशोधनाचे खरे कार्य होय.