चौकटीबाहेरचा पाहुणा

चित्र समोर ठेवून कथा लिहावयाची, ही कल्पना नवी नाही. शाळेतील निबंधाच्या तासापासून ती आपल्या परिचयाची आहे. तथापि प्रौढ लेखकाने ती हाती घेतली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. विद्यार्थी चित्रात काय आहे ते सांगतो. लेखकाला चित्रात काय नाही ते शोधावे लागते. ‘आपलेपणा’ या विषयावर आमच्या वाचकांनी चित्रावरून लिहून पाठविलेल्या कथा वाचीत असता या भेदाचा आम्हांस पुन्हा प्रत्यय आला.

चित्र होते राजा रविवर्मा यांचे. १८९३ सालच्या या तैलचित्राच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘ते पाहा, बाबा आले’ असा आहे. एक तरुण स्त्री मूल घेऊन उभी आहे, पायांशी कुत्रा आहे आणि ती मुलाला डावीकडून येणारे कोणीतरी दाखवीत आहे. ही स्त्री म्हणजे चित्रकाराची कन्या महाप्रभा आणि मूल म्हणजे त्याचा नातू. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो बाप मात्र चित्रात कोठेच नाही.

आलेल्या बहुतेक कथांतील बाप सरकारी नोकर आहे, हे स्वाभाविकच होय. तो दूरच्या प्रांतातून रजेवर येतो. अंगणात तुळशीवृंदावन असते, ओटीवर आजोबा असतात, स्वयंपाकघरात आमटीला फोडणी बसलेली असते आणि बाप उंबरठ्यावर पाय ठेवताच त्याचा सारा शीण उतरतो. या कथांची भाषा स्वच्छ आहे आणि भावनाही खोटी नाही. परंतु अशी कथा लिहावयास चित्राची गरज कोणती? ‘बाबा’ हा शब्द वाचताच लेखकांनी चित्र मिटले आणि आपापल्या आठवणींची ट्रंक उघडली. वास्तविक चित्राचा उपयोग आठवणींना वाट करून देण्यापेक्षा त्यांची वाट अडविण्यासाठीच अधिक व्हावयास हवा. त्या स्त्रीचे वस्त्र आपल्याकडचे नाही, ते घर आपल्याकडचे नाही; मग त्या घरातील नाती तेवढी आपल्यासारखी कशी असतील?

हा प्रश्न विचारावयास हवा होता, कारण उत्तर मोठे मार्मिक आहे. केरळातील ज्या समाजात हे कुटुंब वाढले, तेथे मरुमक्कतायम ही मातृवंशीय पद्धती होती. कुळ आईकडून चाले, मूल आईच्या घराण्याचे मानले जाई. बाप पत्नीच्या घरात वावरला तरी त्या कुळाचा घटक होत नसे. ही व्यवस्था पुढे विसाव्या शतकात कायद्यांनी बदलत गेली आणि केरळच्या १९७५ च्या कायद्याने अशा एकत्र कुटुंबांची चौकटच संपुष्टात आणली. अभ्यासकांनी या चित्रात त्या ऱ्हासाची चाहूल पाहिली आहे. तेव्हा चित्रातल्या घरी जो येत आहे तो घरधनी नव्हे. तो मानाचा, लाडका, पण पाहुणाच आहे. स्वतः रविवर्मा किळिमानूरचे. त्यांचा विवाह झाला मावेलिक्कऱ्याच्या घराण्यात, आणि चित्रांच्या कामासाठी ते म्हैसूर, बडोदे, मुंबई असे फिरत राहिले. अशा येण्याचा अनुभव त्यांना परका नसावा.

सर्व कथांत एकच कथा या सत्याजवळ पोहोचली. तिच्या लेखिकेने केरळचा उल्लेख केलेला नाही. तिने फक्त चित्रातल्या बोटाकडे नीट पाहिले. बाप दाखवावा का लागतो? मुलाला तो आपोआप ओळखू येत नाही म्हणून. कथा त्या मुलाच्या नजरेतून सांगितली आहे. दर उन्हाळ्यात आई त्याला बापाची ओळख नव्याने करून देते. बाप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून “पाण्याचं भांडं कुठं ठेवता हल्ली?” असे विचारतो, आणि कुत्रा त्याच्यावर भुंकतो. त्या एका ‘ठेवता’मध्ये जे आले आहे ते इतर कथांतील पानोपानीच्या उमाळ्यांना साधले नाही. शेवटी लेखिकेने बापाच्या एकाकीपणावर एक परिच्छेद खर्च केला आहे. तो नसता तर कथा अधिक उंचीची झाली असती. कुत्र्याने जे सांगितले ते पुन्हा सांगावयास नको होते.

या कथेने आम्हांस अस्वस्थ केले, याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. बदलीच्या गावी आपण पाहुणे आहोत हे आपण मंडळी नेहमीच लिहीत आलो. पण रजेवर गेल्यावर गावीही आपण पाहुणेच असतो, आपली खोली भावाच्या मुलांची झालेली असते, हे लिहावयास आपली लेखणी धजत नाही. ‘आपले’ सारे तिकडे आणि ‘परके’ सारे इकडे, ही वाटणी सोयीची आहे. ज्या निवासस्थानात मुले लहानाची मोठी झाली, ज्या शेजारणीने आजारपणात रात्री जागविल्या, त्यांना आपल्या कथांत जागा न मिळण्याचे कारणही तीच वाटणी होय.

दोष केवळ लेखकांचा नव्हे. हे चित्र निवडताना आम्हीही त्याच्या नावावरच भाळलो होतो; मरुमक्कतायमचा विचार आम्हांसही त्या कथेनंतरच सुचला. म्हणून पुढील खेपेस चित्र छापताना त्याचे नाव आम्ही मागील पानावर देऊ. लेखकांनी आधी चित्र पुरते पाहावे, हे घर कोणाचे आणि येथे कोण नाही हे स्वतःस विचारावे, आणि मगच पान उलटावे.